वाऱ्याच्या शाळेत

मनुष्य दुसऱ्यांना शिकवू लागला, म्हणजे स्वतः शिकताना काय वाटते याचा त्याला हळूहळू विसर पडतो. पस्तीस वर्षे शाळेत शिकवल्यावर माझेही तसेच झाले होते. हा विसर कोठे नि कसा दूर झाला, त्याची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे.

सेवानिवृत्त झाल्यानंतर 2023 च्या जानेवारीत मी तीन महिन्यांसाठी झांझिबारला गेलो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत हिंदी महासागरात हा द्वीपसमूह आहे. तो टांझानिया या देशाचा भाग होय. त्यातील सर्वांत मोठे बेट उंगुजा आणि त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पाजे नावाचे गाव. त्या भागातील एका शाळेत मुलांना इंग्रजी वाचन शिकवण्याचे काम मी स्वयंसेवक म्हणून पत्करले होते.

पहिल्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकताच सारी मुले उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "शिकामो!"

मी दचकलो. मराठी कानाला तो शब्द 'शिका' असा ऐकू आला! नंतर कळले, की स्वाहिली भाषेत वडीलधाऱ्यांना वंदन करण्याचा तो शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ 'मी आपले पाय धरतो' असा सांगतात. त्यावर वडीलधाऱ्यांनी 'मरहबा' असे उत्तर द्यावयाचे असते. मी मरहबा म्हणालो खरा. परंतु 'शिका' हा ध्वनी मात्र मनात घर करून राहिला.

ती भाषा मला फार काळ परकी वाटली नाही. पुस्तकाला ते 'किताबू' म्हणतात, लेखणीला 'कलामू', गणिताला 'हेसाबू', रंगाला 'रंगी', दुकानाला 'दुका' आणि चपातीला 'चपाती'च! हे शब्द तेथवर गेले कसे? वाऱ्याने नेले असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. डिसेंबरपासून मार्चपर्यंत या समुद्रावर ईशान्येकडून वारा वाहतो. त्याला तेथे 'कस्काझी' म्हणतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो उलट दिशेने, आग्नेयेकडून वाहतो. तो 'कुसी'. शेकडो वर्षे अरबस्तानची आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याची शिडाची गलबते कस्काझीबरोबर आफ्रिकेस जात आणि वारा फिरला की परत येत. मालाबरोबर माणसे गेली, माणसांबरोबर शब्द गेले. ज्या मोसमी वाऱ्यांची आपला शेतकरी आतुरतेने वाट पाहतो, त्याच वाऱ्यांच्या कुळातले हे वारे!

दुपारी शाळा सुटल्यावर मी समुद्राकाठी गेलो आणि थक्क होऊन उभा राहिलो. निळ्याहिरव्या पाण्यावर आकाशात वीस-पंचवीस प्रचंड पतंग डोलत होते. प्रत्येक पतंगाखाली एक मनुष्य एका फळीवर उभा राहून पाण्यावरून सरसर सरकत होता. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात.

माझे बालपण येवल्यास गेले. संक्रांतीला तेथे घराघरांच्या गच्च्यांवर आसारी घेऊन आबालवृद्ध कसे जमतात, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना माझ्या मनात काय आले ते सहज समजेल. 'पतंग तर मला बालपणापासून उडवता येतो! मग हा खेळ कितीसा अवघड असणार?' असे मला वाटले. पोहणेही मी लहानपणी विहिरीत शिकलो होतो.

किनाऱ्यावर हा खेळ शिकवणारा एक तरुण होता. तो तेथल्याच एका कोळ्याचा मुलगा. वय बावीस-तेवीस. त्याला आपले इंग्रजी सुधारावयाचे होते. सायंकाळी मी त्याला इंग्रजी शिकवावे आणि त्याने मला पतंग शिकवावा, असा आमचा सौदा ठरला. त्या दिवसापासून एकसष्ट वर्षांचा मी बावीस वर्षांच्या गुरूचा शिष्य झालो.

पतंगाच्या ओढीचा उपयोग करून घेण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी जॉर्ज पोकॉक नावाचा एक शाळामास्तर होता. त्याने पतंगांनी ओढली जाणारी एक गाडी तयार करून 1826 साली तिचे एकस्व घेतले. परंतु समुद्रावर अडचण अशी, की पाण्यात पडलेला कागदाचा किंवा कापडाचा पतंग भिजून निकामी होतो. फ्रान्समधील ब्रुनो व डॉमिनिक लगेन्यू या दोन भावांनी 1984 साली हवा भरलेल्या नळीची कडा असलेल्या पतंगाचे एकस्व मिळवण्यासाठी अर्ज केला. असा पतंग पाण्यावर तरंगतो आणि तेथूनच पुन्हा आकाशात चढवता येतो. पुढे हा खेळ जगभर पसरला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यतींचा प्रथमच समावेश झाला आणि त्या मार्सेय बंदरात पार पडल्या.

पहिले काही दिवस माझ्या गुरूने मला पाण्याला स्पर्शही करू दिला नाही. वाळूवर बसवून त्याने मला तीन घड्याळे शिकवली.

पहिले घड्याळ तेथल्या लोकांचे. स्वाहिली भाषेत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो, त्याला ते एक म्हणतात. 'उद्या आठ वाजता ये' असे गुरूने सांगितले, तेव्हा मी सकाळी आठला जाऊन उभा राहिलो; त्याचे आठ म्हणजे आपले दुपारचे दोन!

दुसरे घड्याळ भरती-ओहोटीचे. ते दररोज सुमारे पन्नास मिनिटे मागे पडते. आज ज्या वेळी भरती आली, त्यापेक्षा उद्या तितक्या उशिराने ती येणार. पाजेच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात प्रवाळाचा बांध आहे. मोठ्या लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतील पाणी शांत व उथळ राहते. ओहोटीला हे पाणी पुष्कळ दूरवर हटते. तेव्हा गावातील स्त्रिया उघड्या पडलेल्या वाळूत काठ्या रोवून, दोऱ्या ताणून समुद्री शेवाळाची शेती करतात. 1989 च्या सुमारास येथे ही शेती सुरू झाली. या शेवाळापासून मिळणारा पदार्थ दंतमंजनाचा लगदा व आइस्क्रीम दाट करण्याच्या कामी येतो. गुरूने पहिल्याच दिवशी बजावले, "म्वालिमू, त्या वाफ्यांवरून पतंग न्यायचा नाही. तेथे माझी आई काम करते." म्वालिमू म्हणजे शिक्षक.

तिसरे घड्याळ वाऱ्याचे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे. आपल्या डोक्यावर बारा वाजले आहेत असे समजावे; डाव्या हाताला नऊ, उजव्या हाताला तीन. पतंग या अदृश्य घड्याळाच्या कडेकडेने नेला तर त्याची ओढ सौम्य असते. तोच समोर, घड्याळाच्या मध्यावर उतरला, की तो माणसाला एखाद्या गवताच्या काडीप्रमाणे ओढून नेतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर नवशिक्याने पाण्यात उतरूच नये. कारण तो माणसाला खोल समुद्रात नेईल. पाजेला कस्काझी समुद्राकडून तिरपा किनाऱ्याकडे येतो. म्हणून ती जागा शिकण्यास योग्य.

मग एके दिवशी डोक्याला टोप, अंगात तरंगता अंगरखा आणि कमरेला रुंद पट्टा बांधून मी कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. पतंग माझ्या खोलीपेक्षा मोठा होता. वीस मीटरांहून अधिक लांबीच्या चार मजबूत दोऱ्या त्याच्यापासून माझ्यापर्यंत आल्या होत्या. मधल्या दोन दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या, तर कडेच्या दोन दोऱ्या हातातील आडव्या दांडीच्या टोकांना बांधलेल्या होत्या. पतंगाची ओढ हातांवर न येता कमरेवर येते. हातांनी फक्त दिशा द्यावयाची. दांडी जवळ ओढली तर पतंगाचे बळ वाढते. दूर सारली तर ते कमी होते.

हे सारे मला तोंडपाठ होते. तथापि वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, पतंग समोर झेपावला आणि मी भ्यालो. भ्यालेला मनुष्य काय करतो? हातात असेल ते घट्ट धरतो. मी दोन्ही हातांनी दांडी छातीशी ओढली. पतंगाचे बळ दुप्पट झाले. मी पाण्यातून उचलला गेलो नि दहा-बारा हातांवर तोंडघशी आपटलो. नाकातोंडात खारे पाणी गेले. मागून गुरूचा आवाज येत होता, "अचिया! अचिया!" सोडा! सोडा!

अखेर मी दांडी सोडली. क्षणार्धात पतंग निमूटपणे पाण्यावर उतरला आणि पाळीव पक्ष्याप्रमाणे डोलू लागला.

"म्वालिमू," गुरू शांतपणे म्हणाला, "आपण दांडी घट्ट धरता, म्हणून पतंग आपल्याला घट्ट धरतो. भीती वाटली की सोडून द्या. पतंग कोठे पळून जात नाही. तो आपल्या कमरेला बांधलेला आहे."

ऐकायला ही गोष्ट किती सोपी! पण हाताला ती पटेना. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. येवल्याच्या गच्चीवर कमावलेला सारा अभिमान झांझिबारच्या समुद्राने धुऊन काढला. मी घाई करू लागलो की गुरू एक स्वाहिली म्हण ऐकवी: "हराका हराका हैना बराका." घाईघाईत बरकत नाही. आपली 'बरकत'च ती!

किनाऱ्यावर माझ्या वर्गातील मुले माझी फजिती पाहावयास जमत. दुसऱ्या दिवशी वर्गात ती विचारीत, "म्वालिमू, फळीवर उभे राहिलात का?" प्रथम मला त्या प्रश्नाची लाज वाटे. मी म्हणे, "नाही." त्यावर एकदा पहिल्या बाकावरील एका मुलाने माझी चूक सुधारली. तो म्हणाला, "नाही म्हणू नये. 'बादो' म्हणावे."

बादो म्हणजे 'अजून नाही'. स्वाहिली बोलणारा मनुष्य न झालेल्या कामाला सहसा नुसते 'नाही' म्हणत नाही. 'अजून नाही' म्हणतो. जेवलास का? बादो. वही लिहून झाली का? बादो. एवढ्याशा शब्दात पुढच्या दिवसाचे दार उघडे ठेवलेले असते. त्यानंतर मुलांनी विचारले की मीही हसून 'बादो' म्हणू लागलो.

त्याच वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगी बसत असे. तिचे अक्षर सुंदर होते, परंतु इंग्रजी वाचावयास सांगितले की ती मान खाली घाली. एके दिवशी मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "वाच पाहू," मी म्हणालो. ती गप्प. "वाच! मोठ्याने वाच!" मी पुन्हा म्हणालो. सारा वर्ग तिच्याकडे पाहू लागला. तिने पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरले. तिची बोटे पांढरी पडली होती.

ती बोटे पाहिली मात्र, आणि मला दांडीवरची माझी बोटे आठवली! ती भ्याली होती. आणि मी काय करीत होतो? मी दांडी ओढीत होतो. मी जितके ओढीन तितकी तिची भीती वाढणार होती.

तेव्हाच मला आणखी एक गोष्ट आठवली. ती सांगावयास मला आजही संकोच वाटतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याला अक्षरे जुळवता येत नसत. मी त्याला वारंवार उभा करून वाचावयास लावी. मुले हसत. वर्षाअखेरीस मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर लाल शाईने लिहिले, 'यास वाचन येणार नाही.' जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. तो पुन्हा शाळेत आला नाही. त्याला वाचन येत नव्हते हे खरे; पण ते कधी येणारच नाही, हे मी कशावरून ठरवले? तेथे मला 'अजून' एवढा एकच शब्द लिहिता आला असता.

मी त्या मुलीच्या बाकापासून दूर झालो. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे स्वाहिली वाचनाचे पुस्तक मागितले आणि म्हणालो, "मला तुझी भाषा वाचावयास शिकव." मी चुकत-माकत वाचू लागलो. वर्ग खदखदून हसला, मीही हसलो. ती मात्र हसली नाही. माझ्या प्रत्येक चुकलेल्या शब्दावर बोट ठेवून ती हलक्या आवाजात तो दुरुस्त करी. असे आठ-दहा दिवस चालले. एके दिवशी धडा संपल्यावर मी विचारले, "आता तू इंग्रजी वाचशील?" ती क्षणभर थांबून म्हणाली, "बादो."

त्या उत्तराने मला जो आनंद झाला तो अनेक 'हो'कारांनीही झाला नसता!

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी वारा एकसारखा वाहत होता. मी पाण्यात बसून फळीच्या पट्ट्यांत पाय अडकवले. पतंग डोक्यावर, बाराच्या आकड्याला स्थिर होता. मी दांडी बोटांनी हलकेच धरली आणि पतंगाला दोनच्या आकड्याकडे झेपावू दिले. कमरेला ओढ बसली. हात ओढावयास निघाले, पण या वेळी मी त्यांना आवरले. मी काही विशेष केले नाही; वाऱ्याने मला उचलून फळीवर उभे केले. पायांखालून पाणी सळसळत जाऊ लागले. पंचवीस-तीस हात अंतर मी तसाच गेलो, आणि मग अर्थातच पडलो. किनाऱ्यावर मुलांचा एकच गलका झाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात कोणी प्रश्न विचारला नाही; सर्वांनी पाहिलेच होते. मी पुस्तक उघडले. तोच शेवटच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. ती मुलगी उभी राहून धड्याची पहिली ओळ वाचीत होती. दोन शब्द चुकले. मी दुरुस्त केले नाहीत. ओळ पुरी करून ती खाली बसली आणि तिने प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिले.

मार्चच्या मध्यास कस्काझी मंदावला आणि माझेही परतण्याचे दिवस आले. निरोप घेताना मुले नेहमीप्रमाणे म्हणाली, "शिकामो!" मी "मरहबा" असे उत्तर दिले; परंतु त्यांचे पाय मी धरावेत, असे मला मनातून वाटत होते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी पुढे हा खेळ शिकावयास गेले तर जाणत्या शिक्षकावाचून पाण्यात उतरू नका. वाऱ्याशी नि समुद्राशी थट्टा चालत नाही. परंतु त्या आधी, रोजच्या शाळेतच, तुम्हांला एखादे गणित सुटणार नाही, एखादी कविता पाठ होणार नाही. तेव्हा 'मला येत नाही' असे म्हणू नका. 'मला अजून येत नाही' असे म्हणा. आणि शेजारच्या बाकावरचा सोबती अडखळला, तर त्याला हसू नका. त्याच्या हातातील दांडी घट्ट झालेली असते. ती सैल होईपर्यंत जरा थांबा.

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'शिकामो' हा शब्द ऐकून लेखक का दचकले?
(आ) लेखकांना कोणती तीन घड्याळे शिकावी लागली?
(इ) लगेन्यू बंधूंच्या पतंगाचे वैशिष्ट्य कोणते?

2. कारणे द्या.
(अ) लेखकांनी दांडी ओढताच ते पाण्यावर आपटले.
(आ) मुलीचे 'बादो' हे उत्तर ऐकून लेखकांना आनंद झाला.
(इ) वाफ्यांवरून पतंग नेऊ नये असे गुरूने बजावले.

3. लाल शाईने लिहिलेल्या वाक्याबद्दल लेखकांना संकोच का वाटतो? ते वाक्य तुम्ही कसे लिहिले असते?

4. पुढील शब्दप्रयोगांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : मनात घर करणे, थक्क होणे, तोंडघशी आपटणे, सौदा ठरणे.

5. पाठात आलेले, मराठी शब्दांशी साम्य असलेले स्वाहिली शब्द शोधा. प्रत्येकासमोर जवळचा मराठी शब्द लिहा.

6. तुम्हांला पूर्वी येत नसलेली, परंतु आता येत असलेली एखादी गोष्ट तुम्ही कशी शिकलात, ते दहा-बारा वाक्यांत लिहा.